डेकच्या भोकांतून पाणी येऊन राहिलं तर सीलंटच्या आधी भोक पाहा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुंबईहून २२ फुटी जुनी फायबरची सेलबोट घेतली, ट्रकवर टाकून नागपूरला आणली, हिंगण्याकडच्या शेडमध्ये उभी केली आणि पावसाळ्यानंतर परत समुद्रावर न्यायची आहे. डेकवरची स्टँशन (कठड्याचे उभे खांब), क्लीट (दोर बांधायचं), विंच (दोर ओढायचं) सगळं काढून झालं, आधीच्या मालकाने जिथे तिथे पांढरं सिलिकॉन भरून ठेवलंय, आत डाव्या बर्थच्या वर तपकिरी डाग आहे, आणि तुम्हाला दोन गोष्टी विचारायच्या आहेत: कोणतं सीलंट वापरू, आणि हे जुनं सिलिकॉन अन कामात लागणारं नवं सीलंट साफ कसं करू.

मी बावीस वर्षं मुंबईच्या बाजूला बोटींच्या यार्डात काम केलं, आता घरी नागपुरात आहे, अन अजूनही कोणी बोलावलं की जातो. म्हणून थोडं लांबलचक लिहितो, कारण "हे घ्या, ते लावा" असं एका ओळीत सांगितलं तर तुम्ही तीच चूक कराल जी मी पहिली चार वर्षं केली.

ती चूक म्हणजे सीलंटवर भरोसा ठेवायचा. कोणतंही सीलंट घ्या, कितीही महाग, ते कधी ना कधी सुटणारच. बोट वाकते, स्टील अन फायबर उन्हात वेगवेगळं पसरते, माणसं स्टँशनला धरून चढतात. म्हणून काम असं करायचं की ज्या दिवशी सीलंट सुटेल त्या दिवशीसुद्धा पाणी फक्त आत टपकलं पाहिजे, डेकच्या पोटात शिरायला नको. केबिनमध्ये टपकलेलं पाणी पुसता येते. पोटात गेलेलं पाणी डेक सडवते, अन ते वर्षानुवर्षं कळतही नाही.

डेकचं पोट म्हणजे काय ते सांगतो. वर फायबरची एक साल, खाली एक साल, मधात हलकं लाकूड, बहुतेक वेळा बाल्सा, काही बोटींत प्लायवूड, काहींत फोम. या मधल्या थराला कोअर म्हणतात. वजन कमी, ताठपणा जास्त, म्हणून असं बनवतात. बाल्सा हा उभ्या धाग्यांचे छोटे छोटे चौकोनी तुकडे करून जाळीवर चिकटवलेला असतो. धागा उभा असल्यामुळे एका तुकड्यातून आडवं पाणी हळू जाते, पण दोन तुकड्यांच्या मधात ज्या फटी असतात त्यांतून ते नालीसारखं पळते. म्हणून तुमचा तो डावीकडचा डाग जिथे दिसून राहिला, गळती नेमकी तिथेच असेल असं धरून चालू नका. ती दोन-तीन फूट पुढे किंवा वरच्या बाजूला असू शकते.

एकदा एका गिऱ्हाईकाच्या बोटीवर पुढचं क्लीट मी बाथरूमच्या सिलिकॉनने बसवलं होतं. हाताशी तेच होतं अन संध्याकाळ झाली होती. दोन पावसाळ्यांनी तो माणूस म्हणाला, डेक पायाखाली दबते. मी क्लीट काढून भोकात ड्रिल घातलं तर आतून चहासारखं पाणी वाहायला लागलं, आणि ड्रिलच्या बिटवर लाकडाचा भुसा नाही, ओला कुजका लगदा आला. पाऊण फूट गुणिले पाऊण फूट वरची साल कापून काढावी लागली, नवा बाल्सा घालून परत फायबर करावं लागलं. ते पैसे मी घेतले नाहीत, पण त्या माणसाचा अख्खा सीझन गेला, त्याचं काय. तेव्हापासून भोक आधी, सीलंट मागून.

तर सगळ्यात आधी सीलंटची ट्यूब बाजूला ठेवा अन एक स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीने डेक ठोकत फिरा. चांगल्या जागी टण टण असा कडक आवाज येते, सडलेल्या किंवा साल सुटलेल्या जागी भद भद येते, माठ तडकलेला असला की येते ना तसा. खडूने खुणा करा. मग प्रत्येक भोकात वाकवलेला खिळा घालून कोअर कोरून पाहा. कोरडा फिकट भुसा निघाला तर नशीब चांगलं. ओलं तपकिरी निघालं तर ते भोक उघडंच ठेवा, लगेच काही भरू नका.

इथे नागपूरचा फायदा आहे, अन हा फायदा मुंबईतल्या लोकांना नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की धुतलेली चादर अर्ध्या तासात कडक होते. मुंबईत मी ओला कोअर सुकवायला हीटर, बल्ब, व्हॅक्यूम पंप सगळं करून पाहिलं, महिनोन्महिने ओल हटत नव्हती. इथे बोट शेडमध्ये, भोकं वरून-खालून उघडी, बाजूने एक साधा पंखा, आणि दीड-दोन महिने थांबा. फक्त कुलर त्या बाजूला लावू नका, कुलरची ओली हवा सरळ त्या भोकांत गेली तर सगळं मुसळ केरात. (कुलरचं काम पुढे आहे, त्यासाठी ठेवा.) जिथे ठोकल्यावर हातभर जागा भद भद वाजते तिथे सुकवून भागणार नाही, तिथे साल कापूनच काम करावं लागेल, तो वेगळा विषय.

कोअर सुकला की भोकाची तयारी. समजा बोल्ट ६ मिलिमीटरचा आहे. वरची साल अन कोअर १२ मिलिमीटरच्या बिटने मोठं करा, खालची साल शक्यतो तशीच राहू द्या. वरच्या सालीचं भोक मोठं करायचं नसेल तर वाकवलेला खिळा किंवा छोटी एलन की ड्रिलमध्ये पकडून आत फिरवा, ती दोन सालींच्या मधला कोअर गोलाकार खरवडून काढते. असं खरवडलं तर चारी बाजूंनी सेंटिमीटरभर तरी कोअर निघाला पाहिजे. व्हॅक्यूमने साफ, खालून घट्ट टेप.

मग इपॉक्सी, म्हणजे रेझिन अन हार्डनर कालवून बनते ते. आधी पातळ इपॉक्सी, काहीही न घालता, सिरिंजने किंवा ब्रशने कोअरच्या कडांना पाजा. बाल्साचे उघडे धागे ते पितात, आणि पिऊ दिलं नाही तर मागून भरलेल्या घट्ट मिश्रणातलं रेझिन ते ओढून घेतात अन तुमचा गोळा कोरडा, भुसभुशीत राहतो. दहा-पंधरा मिनिटांनी उरलेलं काढून घ्या, मग सिलिका पावडर घालून लुकणासारखं घट्ट केलेलं इपॉक्सी भरा, थोडं वर उचलून ठेवा, कारण बसल्यावर खाली जाते. दुसऱ्या दिवशी घासून सपाट करा आणि मधातून ६ मिलिमीटरचं भोक परत पाडा. आता बोल्टच्या भोवती लाकूड नाही, दगडासारखं इपॉक्सी आहे. बोल्ट कसला तरी डेक चेपणार नाही, अन सीलंट सुटलं तरी पाणी त्या नळकांड्यातून सरळ खाली टपकेल.

पण नागपूरच्या उन्हाळ्यात इपॉक्सीचं गणित वेगळं आहे, हे नीट ध्यानात घ्या. ढोबळ हिशोब असा की १० डिग्री वाढली की कामाला मिळणारा वेळ साधारण निम्मा होते. डब्यावर २५ डिग्रीला २० मिनिटं लिहिली असतील तर ४५ डिग्रीला ५ मिनिटंही कशीबशी. त्यात ते उंच कपात ठेवलं तर स्वतःच्या गरमीने अजून तापते, धूर निघते, कप वितळते. मी पाहिलंय, हातात धरवत नाही. म्हणून पहाटे ५ ते ७ मध्ये काम करा, हार्डनर स्लो घ्या, एका वेळी ५०-६० ग्रॅमच कालवा, अन कालवलं की पसरट ट्रेमध्ये ओता, कपात ठेवू नका. हार्डनर कमी घालून वेळ वाढवायचा विचार तर करूच नका, ते कधीच धड वाळत नाही, चिकट राहते, मग सगळं खरवडत बसा.

भोक झालं की अजून एक पाच सेकंदांचं काम, जे बहुतेक लोक सोडून देतात अन माझ्या मते अर्धी गळती तिथेच थांबते. काउंटरसिंक बिटने भोकाचं वरचं तोंड थोडं फाकवा, २-३ मिलिमीटर खोल, उलट्या शंकूसारखं. स्टँशनचा बेस डेकवर सपाट बसला की सीलंट जवळजवळ सगळं बाहेर पिळून निघते, कागदाएवढा थर उरते, अन तेवढा थर हलणारं सामान काही वर्षांत फाडून टाकते. शंकू असला की बोल्टच्या गळ्याभोवती सीलंटचं एक जाड कडं तयार होते, रबरी ओ-रिंगसारखं, ते दाबलं जाते, ताणलं जाते, पण फाटत नाही. शिवाय शंकूमुळे जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत वरच्या थराला, भोकाच्या काठावरून बारीक तडे जात नाहीत.

आता कोणतं सीलंट. तुमच्या स्टँशन, क्लीट, विंच यांना मी डोळे मिटून ब्युटाइल टेप सांगतो. ही टेप कधीच वाळत नाही, कायम च्युइंगमसारखी राहते, अन म्हणूनच ती चालते. स्टँशनचा हिशोब पाहा: उंची ६० सेंटिमीटर, खालच्या बोल्टमधलं अंतर ६-७ सेंटिमीटर, म्हणजे वर कोणी ७० किलोने रेटलं तर खाली बोल्टवर त्याच्या आठ-दहा पट ओढ येते. असा सांधा हलणारच. वाळून कडक झालेलं सीलंट एकदा सुटलं की सुटलं, ब्युटाइल ताणते अन परत चिकटते. अन दहा वर्षांनी सामान काढायचं झालं तर पान्याने नट सोडले की निघते, जेलकोट उपटत नाही.

पण ब्युटाइल म्हणून बाजारात काहीही विकतात. छताच्या गळतीसाठी चांदीच्या पन्नीवाली काळी टेप मिळते, त्यातली बरीचशी डांबराची असते. ती उन्हात पाझरते अन पांढऱ्या डेकवर काळे ओघळ आणते. ओळख अशी: चांगली ब्युटाइल ओढली की लांब बारीक तारा निघतात, तुटता तुटत नाही, डांबरवाली लवकर तुटते अन बोटाला काळं लावते. तरी शंका असली तर दोन पत्र्याच्या तुकड्यांत थोडी दाबून दुपारी गच्चीवर ठेवा, संध्याकाळी ओघळली असेल तर ती डेकवर नको. बोटीसाठी म्हणून विकतात ती राखाडी टेप ऑनलाइन मागवा, एक रोल तुमच्या सगळ्या डेकला पुरेल.

ब्युटाइल कुठे नाही लावायची: पाण्याखालच्या फिटिंगला नाही, अन डिझेल-पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या फिटिंगला तर अजिबात नाही, इंधनात ती विरघळते. इंधनाच्या जागी पॉलिसल्फाइडचं सीलंट. पाण्याखाली पॉलियुरेथेन, म्हणजे सिकाफ्लेक्स २९१ च्या जातीचं. थ्रीएमचं ५२०० लोक फार प्रेमाने वापरतात, पण ते सीलंटपेक्षा डिंक जास्त आहे, हल (बोटीचं खालचं धड) अन डेकचा सांधा असा कायमचा जोडायचा असेल तिथे ठीक, पण स्टँशनला लावलं तर पुढच्या माणसाला स्टँशनसोबत जेलकोटची खपली काढावी लागेल, अन तो पुढचा माणूस बहुतेक तुम्हीच असाल. खिडक्या ऍक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटच्या असतात, त्यांना पॉलिसल्फाइड लावू नका, प्लास्टिक खराब होते. त्यासाठी त्या प्लास्टिकला चालते असं स्पष्ट लिहिलेलं सीलंटच घ्या. अन आंबट व्हिनेगरसारखा वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन बोटीवर कुठेच नको, त्यातलं आम्ल धातूला खाते अन डेकवर जे सोडून जाते त्यावर दुसरं काही चिकटत नाही.

हाच तुमचा दुसरा प्रश्न, अन इथे घाई करू नका. वाळलेल्या सिलिकॉनला विरघळवणारं साधं थिनर नाही. ऍसिटोन ओतून काही होत नाही, फक्त चिंध्या अन पैसे जातात. अन सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधीच पॉलिश पेपर मारायचा. सिलिकॉन घासलं की त्याचं तेल गरमीने पसरते, पेपर ते खरखरीत झालेल्या जेलकोटच्या बारीक भोकांत भरते, मग इपॉक्सी असो की रंग की नवं सीलंट, सगळं बारीक गोल खड्डे पाडते किंवा पापडासारखं उचलते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी धारदार पत्ती जवळजवळ आडवी धरून जेवढं सोलून निघते तेवढं सोला, कोपरे लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. मग सिलिकॉन रिमूव्हर जेल मिळते ते लावून त्याच्या डब्यावर सांगितलेला वेळ थांबा, परत खरवडा. मग पुसणं. आणि पुसणं झाल्यावरच घासणं, अन घासल्यावर परत पुसणं. सिलिकॉनला वापरलेली पत्ती अन पेपर दुसऱ्या जागी नेऊ नका, तिथेच फेका.

पुसायची पण रीत आहे. दोन चिंध्या घ्या, एक सॉल्व्हंटने ओली, एक कोरडी. ओलीने एकाच दिशेने पुसा अन ते उडून जायच्या आत कोरडीने उचला. उडून गेलं की घाण तिथेच परत बसली समजा. नागपूरच्या उन्हात ऍसिटोन तीन-चार सेकंदांत उडते, त्यामुळे तुम्हाला वाटते पुसलं, खरं म्हणजे फक्त फिरवलं. सकाळी किंवा सावलीत करा, हाताएवढी जागा घ्या, अन एक पुसणं झालं की चिंधीची घडी बदला. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळते ते गुंतवळ्यासारखं कॉटन वेस्ट घेऊ नका, त्याचे धागे सुटून सीलंटमध्ये अडकतात. जुन्या पांढऱ्या बनियनच्या चिंध्या सगळ्यात चांगल्या. रंगीत नको, ऍसिटोनने रंग सुटून डेकवर उतरतो.

साफ झालं की नाही याची परीक्षा सोपी आहे, चुळकाभर स्वच्छ पाणी टाका. पाणी सपाट पसरून राहिलं तर जागा साफ. कमळाच्या पानावर राहते तसे थेंब थेंब झाले तर सिलिकॉन किंवा मेण अजून आहे, परत करा. मी एकेका जागेवर चार-चार वेळा केलंय, कंटाळा येते, पण ही एकच परीक्षा खोटं बोलत नाही.

आता सामान बसवणं. ब्युटाइलचा पट्टा बेसच्या खाली सगळीकडे, मधात फट न ठेवता, अन प्रत्येक बोल्टच्या डोक्याखाली गळ्याला बारीक दोरी करून दोन वेढे. आट्यांना खालपर्यंत काही लावू नका, गरज नाही, फक्त नट चिकट होतात. मे महिन्यात टेप इतकी मऊ होते की कागदापासून सुटत नाही, तेव्हा वापरायच्या आधी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. डिसेंबरच्या सकाळी उलट, दगड होते, तेव्हा थोडी उन्हात धरा.

बोल्ट कधीही एकट्याने कसू नका. वर एक माणूस स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बोल्ट नुसता धरून ठेवेल, फिरवणार नाही, अन खाली दुसरा पान्याने नट फिरवेल. बोल्ट फिरला की गळ्याभोवतीचं कडं पिळून तुटते अन सगळी मेहनत वाया. माझ्यासोबत भाचा असायचा, त्याला एकच गोष्ट सांगून ठेवली होती, तुझ्या हातातला पेचकस हलला तर ओरड. अन कसायचं हळूहळू, एकाच दिवसात नाही. आज टेप चारी बाजूंनी थोडी बाहेर दिसेपर्यंत, उद्या परत पाव फेरा, दोन दिवसांनी परत. ब्युटाइलला पळायला वेळ लागते, घाईने आवळलं तर बेस वाकते किंवा डेक चेपते. खाली नुसतं छोटं वायसर नको, जाड फायबरची किंवा स्टीलची पट्टी द्या, ताकद पसरली पाहिजे. बोल्ट ३१६ नंबरच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, ३०४ आपल्याकडे सहज मिळतात अन दिसायला सारखेच, पण खाऱ्या पाण्यात, त्यातही जिथे ओल आहे अन हवा नाही अशा फटीत, ते आधी खड्डे पडून कुरतडले जातात.

आणि खालच्या बाजूने सीलंट लावू नका. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटते. खालून बंद केलं तर वरून शिरलेलं पाणी बाहेर येणार नाही, तुम्हाला कळणार नाही, अन ते आतच मुरेल. खालचं तोंड उघडं ठेवा म्हणजे थेंब दिसेल अन तुम्ही त्याच आठवड्यात नीट कराल.

बाहेर आलेली ब्युटाइल काढायला सॉल्व्हंट लागतच नाही. प्लास्टिकच्या खरवडणीने कडेने कापा, मग त्याच टेपचा गोळा करून उरलेल्या ठिपक्यांवर टिप टिप मारा, गोळा ते उचलून घेते. शेवटचा चिकटपणा मिनरल टर्पेंटाइनने. उन्हाळ्यात ती आठ-दहा दिवस थोडी थोडी बाहेर येत राहील, घाबरू नका, दर वेळी कापत जा. हाताला लागली तर संत्र्याची साल वाकवून तिचं तेल बोटांवर चोळा. त्यातलं लिमोनिन चिकटपणा सोडवते, बाजारातले महाग सिट्रस क्लीनर त्याच्यावरच चालतात, अन आपल्या घरी सीझनमध्ये सालींचा ढीग फुकट असते.

पॉलियुरेथेन जिथे लावाल तिथे मात्र तयारी आधी करा, कारण ते एकदा दाढीला, दाराला, चष्म्याला लागलं की दिवसभर सगळीकडे फिरते. सामान कोरडंच जागेवर ठेवून पेन्सिलने रेघ मारा, रेघेच्या २-३ मिलिमीटर बाहेरून टेप चिकटवा. साधी पिवळट कागदी मास्किंग टेप आपल्या उन्हात दोन तासांत भाजून डेकला बसते अन तिचा डिंक काढणं हे वेगळंच काम होते, निळी घ्या, अन तरीही काम संपल्या संपल्या, सीलंट ओलं असतानाच, बाहेरच्या बाजूला ओढून काढा. सीलंटवर साल धरली की उशीर झाला. नायट्राइलचे हातमोजे दोन-दोन चढवा, वरचे भरले की काढून फेका, खाली स्वच्छ जोडी तयार. ओलं सीलंट गुळगुळीत जेलकोटवर लागलं तर कोरड्या चिंधीने आधी उचला, मग टर्पेंटाइनने पुसा, एक पुसणं एक चिंधी. खरखरीत नक्षीच्या अँटी-स्किड भागावर लागलं तर मात्र हात लावू नका. पुसलं की ते नक्षीच्या खाचांत भरते अन धूळ पकडून कायमचं काळं होते. तिथे पूर्ण वाळू द्या, मग पत्तीने अन टोचणीने तुकडे तुकडे उचला, आश्चर्य वाटेल इतकं स्वच्छ निघते.

एक गोष्ट फार जपा: ओल्या पॉलियुरेथेनजवळ स्पिरिट, आयसोप्रोपिल किंवा सॅनिटायझर आणू नका. कोविडपासून प्रत्येक शेडमध्ये सॅनिटायझरची बाटली असते अन माणूस सहज हात पुसायला घेते. अल्कोहोल त्याचं वाळणं थांबवते, सांधा महिनाभर चिकट राहते.

अन इथे कुलर कामाला येते. पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणावर वाळते, उन्हाने नाही. साधारण २३ डिग्री अन अर्धवट दमट हवेत दिवसाला ३ मिलिमीटर आत जाते. आपल्या मे महिन्यात हवेत ओलच नसते, त्यामुळे लोक म्हणतात एवढं ऊन आहे तरी हे वाळून काऊन नाही राहिलं. सामान बसवून झालं, सगळी भोकं बंद झाली, की शेडमध्ये कुलर सुरू करा किंवा जवळ ओली पोती टांगा, अन आठवडाभर हलवू नका. दुपारी तर लावूच नका, बहुतेक ट्यूबवर ४० डिग्रीच्या आत लावा असं लिहिलेलं असते अन आपल्याकडे डेकवर हात ठेववत नाही. ट्यूबही शेडमध्ये पडू देऊ नका, एक उन्हाळा पत्र्याखाली राहिलेली ट्यूब आतच कडक होते.

ऍसिटोनचं एक सांगून टाकतो. खिडकीच्या ऍक्रिलिकला त्याचा थेंबही नको, बारीक जाळीसारखे तडे जातात अन ते पुसता येत नाहीत. चिंध्यांचा ढीग शेडमध्ये नको, कोपऱ्यात वेल्डिंग चालू असते अन वाफ जमिनीवरून सरकत तिथे जाते. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, संध्याकाळी बाहेर काढा.

एखादं सामान जुन्या कडक सीलंटने धरून ठेवलं असेल तर पेचकस घालून उचकटू नका, जेलकोट फुटतो. हीट गनने धातू गरम करा, जेलकोट नाही, हात टेकवता येईल इतपतच, अन गिटारची बारीक तार दोन लाकडी मुठींना बांधून करवतीसारखी खालून ओढत न्या. वेळ लागते, पण निघते.

सगळं झालं की पावसाची वाट पाहू नका. एका माणसाला टॉर्च घेऊन आत बसवा, दुसऱ्याने सगळ्यात खालच्या भागापासून पाइपने पाणी सोडत एकेका सामानाजवळ पाच-पाच मिनिटं थांबायचं, वर वर चढत जायचं. वरून सुरुवात केली तर पाणी खाली वाहते अन कोणतं भोक गळलं ते कळत नाही. समृद्धीवरून बोट ७०० किलोमीटर ट्रकवर जाईल, त्या हादऱ्यांनी नट सैल होतात, म्हणून मुंबईत उतरवल्यावर पाण्यात टाकायच्या आधी प्रत्येक नटाला एकदा पाना लावून पाहा, तेव्हाही बोल्ट धरूनच.

तुमच्या त्या डाव्या बर्थच्या डागाला मी आधी चेनप्लेटवर संशय घेईन, स्टँशनवर नंतर. डोलकाठीला धरणाऱ्या तारा जिला बांधतात ती चेनप्लेट डेकमधून पट्टीसारखी आरपार जाते, तिच्या खाचेत कोअर उघडा असते अन शिड ताणलं की ती दर वेळी हलते. वरची झाकणाची पट्टी काढा, खाचेत खिळा घालून कोअर कोरा, ओलं निघालं तर दोन्ही बाजू सेंटिमीटरभर कोरून सुकायला सोडा, अन आत केबिनमध्ये चेनप्लेट जिथे प्लायवूडला बोल्टने धरली आहे ते प्लायवूड पण टोचून पाहा. ते मऊ लागलं तर बाकी सगळं काम थांबवा अन आधी तेच बदला, कारण डोलकाठी त्याच्यावर उभी आहे.

सुकायला आता मार्च अर्धा, एप्रिल, मे एवढे महिने तुमच्या हाताशी आहेत. भोकं आजच उघडी करा.